शेवटच्या रांगेपर्यंत

जुलैतला पाऊस पुण्याच्या गणेशखिंडीत आधी ऐकू येतो आणि मग दिसतो. वडांच्या शेंड्यांवर त्याची सर वाजते, ती खालच्या पानांतून ओघळत जमिनीवर यायला अंमळ वेळ लागतो, आणि तेवढ्या अवधीत विद्यापीठाच्या सगळ्या आवारावर एक सावध शांतता पसरते. तिसरी घंटा झाली आहे, दिवे मावळले आहेत आणि पडदा अजून हललेला नाही, अशा वेळची. मग सारं एकदम सुरू होतं. पन्हळी बोलू लागतात, उतारावरून तांबडं पाणी धावू लागतं, आणि त्या गलबल्यातून छत्री सावरत ललित कला केंद्राकडे चालत जाताना मला एकेक नाद सुटा होऊन ओळखू येऊ लागतो: कुठल्याशा खोलीत जुळत आलेला तानपुरा, त्याच्या पलीकडे कथकचा तत्कार, पावसाशी पैज लावणारा घुंगरांचा तो झिमझिमाट, आणि या दोन्हींच्या मधून येणारा, अजून नीट न उमललेला, अडखळता, कोवळा, लांबलचक आकार.

तो आकार लावणारी मुलं माझी.

मी इथे आवाजाचे वर्ग घ्यायला येते. १९८७ साली सुरू झालेल्या या केंद्रात संगीत, नृत्य आणि नाटक एकाच आवारात नांदतात, आणि शिकण्याला चाल गुरुकुलाची आहे. घड्याळ पाहून शिकणं कमी, शेजारच्या खोलीतलं झिरपत आपल्यात उतरणं जास्त. रोहिणी भाटे यांनी इथे कथक शिकवलं. 'महानिर्वाण'मध्ये मृत्यूला कीर्तनाच्या ठेक्यावर उभं करणारे सतीश आळेकर १९९६ ते २००९ या काळात केंद्राचे प्रमुख होते. ही नावं मी वर्गात क्वचितच घेते, पण इथल्या भिंतींना ती ठाऊक असावीत असं वाटत राहतं. नाटकाचा मुलगा तबल्याच्या खोलीवरून जाताना नकळत पाऊल समेवर टाकतो, नाचणारी मुलगी पायरीवर बसून कुणाची तरी संहिता वाचते, आणि चहाच्या वेळी तिघं-चौघं मिळून असं काही गुणगुणतात की ते गाणं आहे, बोलणं आहे की पावसाला दिलेली नुसती साथ आहे, हे सांगता येऊ नये. नाट्यविभागाचं नवं वर्ष असं उजाडतं. ओलं, अर्ध्या सुरातलं.

आवाजाच्या वर्गात पहिल्यांदा बोलायचं नसतं. मुलांना याचं नवल वाटतं. एकांकिका गाजवून, गावाकडच्या गणपतीत मांडव दणाणून सोडून, आरशासमोर पानंच्या पानं पाठ म्हणून ती आलेली असतात, आणि मी त्यांना फरशीवर उताणं निजवते. डोळे मिटा. श्वास कुठवर जातो ते नुसतं बघा. खांदे वर उचलले जात असतील तर जाऊ द्या, पण पाहत राहा. हळूहळू बरगड्या बाजूंना फाकायला शिकतात, श्वासपटल खाली सरकायला शिकतं, पोट संथ वरखाली होऊ लागतं, आणि मग एखाद्या सकाळी, पाऊस थोडा थांबलेला असताना, सगळ्या खोलीचा मिळून एकच श्वास चालला आहे असा भास होतो. त्या श्वासात धाक नसतो, चढाओढ नसते. त्यात अजून शब्दही नसतो. शब्द येईल तो या श्वासावर बसून येणार आहे, एवढीच त्याची चाहूल असते.

अशा वेळी मला डॉ. श्रीराम लागू आठवतात. कान-नाक-घशाचे शल्यविशारद होते ते. १९६९ मध्ये वैद्यकी सोडून पूर्ण वेळ रंगभूमीवर आले आणि पुढच्याच वर्षाच्या डिसेंबरात 'नटसम्राट'मधला अप्पा बेलवलकर त्यांनी उभा केला. घशातले ते दोन नाजूक स्वरतंतू, जेमतेम बोटाच्या पेराएवढे, त्यांनी किती माणसांच्या गळ्यात आरसा घालून पाहिले असतील! ज्याला त्या पडद्यांची नाजूक जात ठाऊक होती, त्याच माणसानं त्यांच्यावर एका म्हाताऱ्या नटाचं सगळं वादळ तोलून धरलं. पुढे 'वाचिक अभिनय' नावाचं पुस्तक लिहून ही विद्या त्यांनी सर्वांसाठी मोकळी करून ठेवली. मी ते पुस्तक वर्गात आणते तेव्हा त्यातला मजकूर सांगण्याआधी मुलांना स्वतःच्या गळ्यावर दोन बोटं ठेवायला सांगते आणि हुंकार द्यायला लावते. बोटांखाली थरथर जाणवते. चेहरे बदलतात. आपल्या आत एवढं जिवंत काही आहे आणि आपण त्याला आजवर हात लावून पाहिलं नव्हतं, हे कळण्याचा तो क्षण असतो.

कुठून कुठून येतात हे गळे. एक मुलगा झाडीपट्टीतला होता, वडशाकडचा. तिकडे धानाची कापणी झाली की मोकळ्या शिवारात मांडव पडतो आणि दिवाळीपासून होळीपर्यंत रात्र-रात्र नाटकं चालतात; बैलगाड्यांनी, ट्रॅक्टरनी, दुचाकींनी माणसं येतात आणि पहाटेच्या दवात घरी परततात. वडशात तर नाटक कंपन्यांची कार्यालयं ओळीनं आहेत. त्या मांडवात वाढलेल्या या मुलाचा आवाज एवढा रुंद होता की आमची खोली त्याला पुरत नसे. त्यानं साधं 'ताई, मी येऊन राहिलो' म्हटलं तरी बाहेरच्या झाडावरची साळुंकी उडे. आणि त्याच वर्गात धुळ्याकडची, घरी अहिराणी बोलणारी एक मुलगी होती. तिचा आवाज तिच्या ओठांशीच थांबायचा. निजलेल्या तान्ह्याच्या शेजारी भांडं ठेवावं, इतक्या जपून ती शब्द ठेवत असे. त्याच्या आवाजाला भिंती नव्हत्या. तिच्याला दारच नव्हतं.

त्यांचं बोलणं पुसून त्या जागी पुस्तकी, इस्त्रीचं बोलणं बसवायचं, याला मी कधी शिकवणं म्हटलं नाही. नाटकाच्या शाळेनं आधी मुलाची बोली ऐकावी. तिची लय, तिचे हेल, वाक्याच्या शेवटी ती कुठे विसावते आणि रागावली की कुठे ताठ होते, हे सारं मन लावून ऐकावं. मग प्रमाण भाषा ही आणखी एक भूमिका म्हणून तिच्या शेजारी आणून ठेवावी. ज्या विद्यापीठाला २०१४ पासून सावित्रीबाई फुल्यांचं नाव आहे, तिथे तर हे विसरून चालणारच नाही. जोतीरावांनी १८५५ मध्ये 'तृतीय रत्न' लिहिलं. भटजीच्या थापांना भुलून नागवलं गेलेलं एक शेतकरी जोडपं शेवटी शिकायला निघतं, असं ते नाटक. दक्षिणा प्राइझ कमिटीनं ते नाकारलं. ते छापून यायला सव्वाशे वर्षांच्या आसपास काळ जावा लागला. केवढी ही दूरची शेवटची रांग! एका माणसानं बोललेलं वाक्य तिथवर पोचायला चार-पाच पिढ्या अंधारात चालत राहिल्या. त्या नाटकातलं ते जोडपं जेव्हा आमच्या खोलीत, धुळ्याच्या आणि वडशाच्या तोंडातून बोललं, तेव्हा बाहेर ऊन पडलं होतं आणि पागोळ्या अजून गळत होत्या. मला त्या पागोळ्याही ऐकत आहेत असं वाटलं.

शेवटची रांग. आवाजाचं शास्त्र तिथूनच सुरू होतं.

भरतमुनींनी नाट्यगृहाचं माप सांगितलं आहे: लांबी ६४ हात, रुंदी ३२ हात. माणसांच्या नाटकाला एवढं बास. यापेक्षा मोठा मंडप बांधाल तर शब्द विरून जाईल, चेहऱ्यावरचा भाव दिसेनासा होईल, अशी त्यांची चिंता आहे. मंडप डोंगरातल्या गुहेसारखा असावा, खिडक्या बारीक असाव्यात, वारा आत शिरू नये, म्हणजे आवाजाला गांभीर्य येईल, हेही त्यांनी सांगून ठेवलं आहे. हा भाग मी दरवर्षी वाचते आणि दरवर्षी मला गलबलून येतं. नाट्यशास्त्र म्हटलं की आपल्याला रस आठवतात, हस्तमुद्रा आठवतात, देवादिकांच्या पूजा आठवतात. पण त्या सगळ्या भव्यतेच्या मुळाशी कुण्या एका माणसाची काळजी बसलेली आहे: अगदी मागे, खांबाच्या आडोशाला, बहुधा उशिरा आलेला, दमलेला, आणि तरीही ऐकायला आसुसलेला तो माणूस. सगळा मंडप त्याच्यासाठी मोजला आहे. ६४ हात म्हणजे एका माणसाचा कळवळा दुसऱ्यापर्यंत न विझता जाऊ शकेल एवढं अंतर.

आमच्या अंगणमंचाला तर भिंतीही नाहीत. वर आभाळ, भोवती झाडं, लांबवर रस्त्याची घरघर. तिथे उभं राहून बोलायचं म्हणजे आपल्या आवाजाची गुहा आपणच बांधायची. मी मागे जाऊन उभी राहते आणि हात वर करते. पोचलं की हात खाली. झाडीपट्टीच्या मुलाला मी हात वर करायच्या आत ऐकू येई. धुळ्याच्या मुलीसाठी माझा हात वरच राही, संध्याकाळ उतरे, वटवाघळं निघत, आणि ती पुन्हा श्वास घेई. तिला मी कधी 'मोठ्यानं' म्हटलं नाही. 'माझ्याशी बोल' एवढंच म्हणत गेले.

श्रावण सरता सरता पुण्याच्या हवेत करंडकाचा ताप चढतो. १९६३ पासून चालत आलेला पुरुषोत्तम करंडक, भरत नाट्य मंदिराबाहेरची ती गर्दी, ढोलकीवर थापा, बसून गेलेले घसे, आणि 'आव्वाज कुणाचा' ही आरोळी, जिला उत्तर म्हणून आपल्या महाविद्यालयाचं नाव शेकडो कंठांतून फुटतं. आमच्याकडे येणारी कितीतरी मुलं याच गर्दीतून आलेली असतात, आणि त्या दिवसांत त्यांचे पाय ठरत नाहीत. मी त्यांना अडवत नाही. विशीतल्या पोरांनी एका गोष्टीसाठी एवढं भान हरपावं, रात्रभर खिळे ठोकावेत, पहाटे पोहे खाऊन पुन्हा तालमीला उभं राहावं, निकालाच्या वेळी एकमेकांचे हात घट्ट धरावेत, याहून निर्मळ काय असतं? बक्षीस मिळालं की त्यांच्या डोळ्यांत जे पाणी येतं ते खरं असतं. आणि न मिळालं तरी ते तितकंच खरं असतं. २०२२ मध्ये पुण्याच्या अंतिम फेरीनंतर परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही. केवढी खळबळ माजली होती. मला मात्र त्या संघांतल्या पोरांनी उभ्या पावसात केलेल्या तालमी डोळ्यांपुढे येत राहिल्या. आकाशाखाली उच्चारलेली ती वाक्यं, निकालाला न विचारता, कुणाच्या ना कुणाच्या मनात जाऊन बसलीच असतील.

नोव्हेंबरची पाच तारीख आली की रंगमंचाची पूजा होते. नटराजापुढे समई, उदबत्तीची निळी रेघ, नारळ, झेंडूच्या माळा. १८४३ च्या त्या दिवशी सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं. सूत्रधारानं पदं गायची, बाकीच्यांनी त्या पदांच्या आधारानं वावरायचं, असा तो खेळ. मला त्या रात्रीचे आवाज ऐकायचे असतात. राक्षसाची आरोळी तर ऐकू येतेच, पण तिच्यानंतर मागच्या बाजूला बसलेल्या कुणाच्या तरी घशातून निसटलेला 'अगं बाई' हाही मला ऐकायचा असतो. मराठी नाटकाचा पहिला नट कोण होता याच्या नोंदी आहेत. पहिला प्रेक्षक कुणी लिहून ठेवलेला नाही.

मग थंडी. थंडीतल्या तालमींना एक वेगळीच झळाळी असते. हॅलोजनच्या पिवळ्या उजेडात तोंडातून वाफा निघतात, प्रत्येक वाक्य डोळ्यांना दिसतं, शाली पांघरलेली पात्रं राजा-राणी-शिपाई होतात आणि प्रवेश संपला की पुन्हा शेकोटीपाशी सरकतात. ती दोघं वर्गात होती त्या हिवाळ्यात मुलांनी 'शांतता! कोर्ट चालू आहे' वाचायला घेतलं. तेंडुलकरांचं १९६७ चं नाटक, सुलभा देशपांड्यांची बेणारे; त्यावर इतकं बोललं गेलं आहे की नव्यानं काही ऐकू येईल अशी आशा मला नव्हती. झाडीपट्टीच्या मुलाकडे वकील सुखात्मे आला. शोभेलसाच होता. त्याच्या त्या रुंद, खणखणीत आवाजात आरोप असे कोसळत की बेणारे झालेल्या मुलीचे खांदे आपोआप आवळले जात. आणि मग ती जागा येई. न्यायाधीश झालेले काशीकर तिला बोलायला काही सेकंद देतात, आणि बेणारेचं ते लांब स्वगत सुरू होतं. बाकी सारी पात्रं आहेत तिथे थिजून उभी. ती बोलते आहे आणि कुणालाही ऐकू येत नाही.

त्यानं इतके दिवस मला आवाज दिला होता. आता मी त्याच्याकडे नुसतं उभं राहणं मागितलं. पापणी लवता कामा नये, मान हलता कामा नये, ऐकू येत असल्याची एक रेघ चेहऱ्यावर उमटता कामा नये. पहिल्यांदा तो दगडासारखा उभा राहिला, आणि ते खोटं दिसलं. मग काही तालमींनंतर एका रात्री, दव पडायला लागलं होतं तेव्हा, काहीतरी बदललं. तो उभा होता तसाच होता. पण बेणारेचं प्रत्येक वाक्य त्याच्या अंगावरून ओघळत खाली जाताना मला दिसू लागलं. जे कान बंद आहेत असं दाखवायचं होतं तेच त्या अंगणात सर्वांत उघडे होते. स्वगत संपलं, दिवे बदलले, त्याला आपलं पुढचं वाक्य बोलायचं होतं. त्याला ते येईना. बराच वेळ कुणी हललं नाही. शेवटी तो म्हणाला, "ताई, ऐकलं नाही असं करायला लागलो, तं सगळंच ऐकू येऊन राहिलं."

त्या रात्री त्याच्या आवाजाला भिंती मिळाल्या.

आणि दिव्यांच्या पेटीपाशी धुळ्याची मुलगी होती. तिनं स्वतःच मागून घेतलं होतं ते काम. डिमरवर तिचं बोट असे आणि मान किंचित तिरकी. संहितेत खुणा केलेल्या होत्या, कोणत्या शब्दाला कोणता दिवा. ती त्या खुणांकडे पाहतच नसे. बेणारे श्वास घेई, आणि तो श्वास पुरता आत जाण्याआधी उजेड मंद व्हायला लागलेला असे, इतका हळू की अंधार होतो आहे हे कळायचं नाही, नुसतंच आपण थोडे अधिक एकटे झालो असं वाटायचं. जिचा आवाज माझ्या वर केलेल्या हातापर्यंत पोचत नव्हता, ती उजेडानं शेवटच्या रांगेशी बोलत होती. मी माझा हात खाली घेतला. तिनं तो पाहिला की नाही, ठाऊक नाही.

माघ-फाल्गुनात आवाराचं रूपच पालटतं. पिंपळाला तांबूस पालवी फुटते, कडुलिंबाचा मोहर रात्री चालताना अंगावर येतो, कोकीळ भर दुपारी आपला एकच स्वर चढवत चढवत नेतो आणि कुठल्याशा उंचीवर सोडून देतो. सत्तावीस मार्चला जागतिक रंगभूमी दिन होतो. मग परीक्षांचे प्रयोग लागतात. वर्षभर जे खोलीत शिजलं ते आता बाहेर मांडायचं. कुणी अंतिम वर्षाची विद्यार्थिनी दिग्दर्शक असते, खालच्या वर्गातली पोरं लेव्हल उचलतात, कुणी घरून आईची साडी मागवलेली असते, रंगीत तालमीच्या रात्री कुणाचं तरी रडून होतं, आणि प्रयोगाच्या संध्याकाळी विंगेत जो कुजबुजता, थरथरता, कापराच्या आणि रंगाच्या वासाचा काळोख असतो, तो ज्यानं एकदा अंगावर घेतला आहे त्याला जन्मभर पुरतो. प्रयोग होतो. टाळ्या होतात. आणि मग त्याच रात्री, मेकअप अर्धवट पुसलेल्या चेहऱ्यांनी, सगळे मिळून सेट मोडतात. फ्लॅट भिंतीला लागतात, खिळे डब्यात जातात, झाडू फिरतो. तासापूर्वी जिथे एक घर होतं, एक न्यायालय होतं, एक जंगल होतं, तिथे मोकळी जमीन उरते, आणि तिच्यावर चांदणं.

या दिवसांतच विद्यापीठाच्या वार्षिक अहवालासाठी माहिती मागवली जाते. विभागाची वर्षभरातली कामगिरी. किती प्रयोग, किती पारितोषिकं, किती कार्यशाळा, पाहुणे कोण आले, विद्यार्थी कुठे गेले, दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात कुणाची निवड झाली, महोत्सवात कुणाला काय मिळालं. ते रकाने भरताना विभागातल्या सगळ्यांचे चेहरे उजळतात, आणि ते उजळावेतच. त्या प्रत्येक आकड्यामागे मी पाहिलेल्या रात्री आहेत. पण झाडीपट्टीच्या मुलाचं ते न आठवलेलं वाक्य कोणत्या रकान्यात जाईल? डिमरवरचं ते बोट?

याचं उत्तर मला पुन्हा नाट्यशास्त्रातच सापडलं. प्रयोगाची सिद्धी कशी ओळखावी हे भरतांनी सांगितलं आहे. एक सिद्धी माणसांची: प्रेक्षक हसतात, वाहवा देतात, हळहळतात, अंगावर काटा येतो, उठून उभे राहतात. आपले सगळे करंडक या सिद्धीचे. दुसरी सिद्धी दैवी. तिच्यात आवाज नाही, चुळबुळ नाही, कसला उत्पात नाही. नुसती शांतता. आणि त्या शांततेच्या जोडीला आणखी एक खूण: प्रेक्षागार भरलेलं असणं.

मी ते वाचून किती तरी वेळ खिडकीशी उभी होते. शांततेपर्यंत ही मुलं पोचली होती. बेणारेच्या स्वगतानंतरची ती अंगणातली शांतता मी माझ्या कानांनी ऐकली होती. पण दुसरी खूण मुलांच्या हातात नाही. परीक्षांच्या प्रयोगांना पुढच्या रांगांत शिक्षक असतात, मधल्या रांगांत वर्गमित्र, कुणाचे आईवडील रात्रीच्या गाडीनं आलेले. मागच्या रांगा कितीदा तरी मोकळ्या असतात. ज्या शहरात नाटकाच्या तिकिटांसाठी सकाळपासून रांगा लागत आल्या आहेत, त्याच शहरात पिंपळाखाली बसून उद्याचे नट ऐकायला माणूस मिळू नये, याचं मला खरंच दुःख आहे. मुलांना टाळ्या वर्गमित्रही देतात. पण अनोळखी माणसाचं ऐकणं वर्गमित्र देऊ शकत नाहीत, आणि नट अनोळखी माणसाच्या ऐकण्यावरच वाढतो.

ती दोघं आता इथे नाहीत. मुलगा झाडीपट्टीत परतला, हंगामात काम करतो. त्याच्या नाटकांत आता मधेच एखादी थांबलेली जागा येते आणि मांडवभर माणसं तेवढा वेळ गप्प असतात, असं त्यानं मला फोनवर सांगितलं. मुलगी मुंबईत प्रकाशयोजना करते. यंदाच्या जुलैत आलेल्या वर्गानं अजून तोंड उघडलेलं नाही. ती सगळी फरशीवर डोळे मिटून निजली आहेत आणि श्वास कुठवर जातो ते पाहत आहेत. मार्च-एप्रिलपर्यंत ती बोलू लागतील.

तेव्हा या. पुण्यात असाल तर इथे या, संभाजीनगरला, मुंबईला किंवा तुमच्या गावच्या विद्यापीठात नाटकाचा विभाग असेल तर तिथे जा. परीक्षेचे प्रयोग केव्हा आहेत ते विभागात विचारलं की कळतं, तिकीट बहुधा नसतंच. पुढे जागा असली तरी मागे, शेवटच्या रांगेत बसा. काही ऐकू आलं नाही तर प्रयोगानंतर त्या मुलांना तसं सांगा, आणि ऐकू आलं असेल तर तेही सांगून जा.